तोडणी गावाकडून

आमचं घर तापीच्या उत्तर काठावर, शहाद्याच्या अंगाला होतं, आणि तिथला दिवस नदीवरच्या तेलाच्या इंजिनाने उजाडायचा. पुक-पुक-पुक असा आवाज सुरू झाला की बा, म्हणजे माझी आई, चुलीवर तवा टाकायची. आवाज थांबला की अख्खी ओसरी घाबरायची. घरातल्या माणसाला धाप लागली तर होत नसे एवढी पळापळ इंजिनाला धाप लागली की होई. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, एरवी शिव्या. देवाशीही आमचं नातं साधारण असंच होतं. घरात आम्ही गुजरी बोलत असू, शेतात आणि बाजारात अहिराणी, आणि शाळेत मराठी. मराठी ही आमच्याकडे ठेवणीतल्या धोतरासारखी होती. साहेब यायचा असला की काढायची, तो गेला की घडी घालून ठेवायची. या प्रकरणातली चूक त्या ठेवणीतल्या भाषेतच झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

सातवीत होते तेव्हा मी. गावात मराठी वळणदार लिहिणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. ही बढाई नाही, बाकीच्यांना त्याहून महत्त्वाची कामं होती. शाळेच्या लाकडी कपाटात होती नव्हती ती सगळी पुस्तकं मी वाचून काढली होती, आणि त्यातली निम्मी शिकारीची होती. वाघ नेहमी 'गर्जना करीत' येई आणि शिकारी नेहमी 'क्षणाचाही विलंब न लावता' चाप ओढी. मला वाटे, जग असंच असतं, फक्त आमच्या गावाला अजून कळलेलं नाही.

त्या सुमारास सलग दोन पावसाळे डोंगरात कोरडे गेले. सपाटीवर आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. नदीत डोह होते, इंजिन होतं, ऊस कमरेचा खांद्याला आणि खांद्याचा डोक्यावर जात होता, केळीला घड धरत होते. ओसरीवरून सातपुडा दिसे. एरवी भाद्रपदात तो हिरवागार असायचा, त्या वर्षी म्हशीच्या पाठीसारखा काळपट-राखाडी दिसत होता. बापू, म्हणजे माझे वडील, तिकडे बघून म्हणत, "तिकडे यंदा काही नाही," आणि पानाला चुना लावत. तिकडचं आणि इकडचं यांच्यात एक नाला होता. डोंगरातून निघून तो आमच्या उसाला चिकटून तापीला मिळे. पावसाळा सोडला तर त्यात पाणी नसे, नुसती वाळू आणि दोन्ही काठांना करंजाची झाडी. त्या नाल्याला आम्ही कधी रस्ता समजलो नव्हतो.

आधी मोर आले. मग रोही, म्हणजे नीलगायी, आले, घोड्याएवढे आणि बैलाच्या अकलेचे. बांधावर उभे राहून ते आमच्याकडे असे पाहत की जणू आम्हीच त्यांच्या शेतात घुसलो आहोत. त्यांच्यामागून रानडुकरं आली आणि मात्र गावाची झोप उडाली. डुक्कर ऊस खातं त्याच्या चौपट लोळून मोडतं. सकाळी शेतात गेलं की कुणीतरी आत कुस्तीचा फड भरवला होता असं दिसे. आणि त्याच नाल्याने, दरवर्षीपेक्षा दोन महिने आधी, नुरजी खाली उतरला. नुरजी डोंगरातला पावरा आदिवासी, दर हिवाळ्यात ऊसतोडणीला आमच्याकडे येणारा. या खेपेला सोबत बायको भुरी, चार-पाच वर्षांची मुलगी, दोन कोंबड्या आणि सगळं बिऱ्हाड होतं. बाने विचारलं, "एवढ्या लवकर?" भुरी म्हणाली, "मोह फुलनाच नही, माय. काय खावानं?" मोहाला फूल नाही म्हणून रोही-डुकरं उतरली, आणि त्याच कारणाने भुरीही उतरली. बाला हे तेव्हाच दिसलं होतं. ताक घुसळता घुसळता ती म्हणाली, "मोर, रोही, डुकरं, माणसं. सगळी एकाच वाटेने. आता राहिलंय कोण?"

राहिलं होतं ते महिन्याभराने आलं. नुरजीने उसाच्या सरीत ओल्या मातीवर ठसा पाहिला आणि धावत ओसरीवर आला. चेहरा असा, की पाहुणा आलाय आणि तो आवडीचा आहे.

"बापू, तो उना!"

"कोन उना?"

"डोंगरना धनी. नाव लेवानं नही. बरं व्हयनं, आते डुकरं जातीन."

बिबट्या होता. बापूंच्या हातातला अडकित्ता थांबला. नुरजीने त्यांना समजावलं की हा माणसाच्या वाटेला जात नाही, डुकराची पिल्लं उचलतो, आणि पिल्लं गेली की डुकरीण जागा सोडते. डोंगरात त्यांच्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे, त्याला ते दरवर्षी नारळ देतात आणि सांगतात, तू तुझं खा, आम्ही आमचं खातो. बापूंना वाघदेव पटला नाही, पण पंधरा दिवसांत डुकरं खरंच कमी झाली, हे त्यांना पटलं. राखणीला टाकलेल्या खाटा त्यांनी घरी आणल्या. म्हणाले, "बिनपगारी राखणदार मिळाला." ते काही दिवस आमच्या घरात बरे गेले. थंडी पडली होती, वांगी भाजल्याचा वास सकाळपासून दरवळे, आणि बा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरीत देऊन म्हणे, "खा, तुमचा राखणदारही जेवला असेल."

मग त्याने कुत्री खाल्ली. दोन साधी कुत्री गेली तेव्हा गावाने फक्त चर्चा केली. तिसरा गेला तो गावच्या पाटलांचा मोती, आणि मोती गेल्यावर मात्र चावडी भरली. "कुत्रा गया, आते मानूस जाई," असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी ते पाठ केलं. आमचं गाव मुंगीला साखर घालणारं. विष कोण घालणार, बंदूक कोण उचलणार? आम्हाला पाप नको होतं, फक्त त्याचा उपयोग हवा होता. ठरलं की तालुक्याच्या ठिकाणी एक सरदारसाहेब राहतात, जुन्या कुठल्याशा संस्थानातले, मोठे शिकारी, त्यांना विनंतीपत्र पाठवायचं. ऊस आमचा, म्हणून पत्र बापूंच्या नावाने. आणि लिहिणार मी.

मी खाली बसले, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि कपाटातली सगळी पुस्तकं माझ्या बोटात उतरली. 'आमच्या परिसरात एका भीषण नरभक्षक श्वापदाने थैमान घातले असून आबालवृद्ध भयग्रस्त आहेत.' आबालवृद्ध त्या वेळी अंगणात गोट्या खेळत होते आणि तंबाखू चोळत होते. बापूंना मी वाचून दाखवलं. ठेवणीतली मराठी त्यांना बोलता येत नसे, पण समजत असे.

"नरभक्षक? कुणाला खाल्लं गं त्याने?"

"कुणाला नाही. पण असं लिहिल्याशिवाय मोठी माणसं येत नाहीत, बापू."

त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, "हेही खरं," आणि सही केली. मी पुढे आयुष्यभर लिहिण्यावर पोट भरलं. माझ्या पहिल्याच लेखनाचा जितक्या तातडीने परिणाम झाला, तितक्या तातडीने नंतर कशाचाच झाला नाही.

चौथ्या दिवशी जीप आली. जीपमधून सरदारसाहेब, दोन बंदुका, एक बंदुका पुसणारा, एक फोटोग्राफर आणि एक खानसामा उतरले. सरदारसाहेबांच्या मिशा त्यांच्यापेक्षा दोन इंच आधी घरात शिरत. गावाने लेझीम खेळली. पाटलांनी भाषण केलं आणि त्यात मोतीचा उल्लेख 'आमचा एक निकटचा' असा केला. पाहुणे आमच्याच ओसरीवर उतरले, आणि तिथून बाची लढाई सुरू झाली.

खानसाम्याने पातेली काढली तशी ती दारात उभी राहिली. "माझ्या अंगणात हे शिजणार नाही. माझ्या चुलीवर जे होईल ते वाढीन, आणि पोटभर वाढीन." तिने शब्द पाळला. पहिल्या दिवशी फुणके आणि कढी. तुरीची डाळ वाटून, वाफवून केलेले ते मुटके कढीत बुडवून खायचे असतात. सरदारसाहेबांना आवडले. दुसऱ्या दिवशी खिचडी-कढी. तिसऱ्या दिवशी भरीत. चौथ्या दिवशी पुन्हा फुणके. खानसामा दिवसभर निंबाखाली बसून सुऱ्यांना धार लावी आणि उसासे टाकी. पाचव्या दिवशी सरदारसाहेब हळूच बापूंना म्हणाले, "बापू, एखादं डुक्कर तरी..." बा आतून म्हणाली, "डुकरं तर त्याने खाऊन टाकली. तुम्ही ज्याला मारायला आलात त्याने."

नाल्याच्या तोंडाशी मचाण बांधलं होतं. खाली शेळी बांधत, आणि शेळीने ओरडावं म्हणून तिचं करडू दूर आमच्या गोठ्यात ठेवत. शेळी ओरडे, करडू उत्तर देई, मचाणावर सरदारसाहेब दिवेलागणीपर्यंत बसत. बिबट्या काही आला नाही. शेळीला शिवारातला सगळ्यात चांगला पाला मिळत होता, ती दिवसेंदिवस तुकतुकीत होत चालली होती. सहाव्या दिवशी भुरीची मुलगी तिच्या गळ्यातल्या दोरीला झेंडूचं फूल बांधून आली.

तेव्हा सरदारसाहेबांनी दुसरा बेत काढला, आणि शिकारीनंतर त्यांना घालायला गावाने तालुक्याहून हार मागवले. ऊस गुऱ्हाळासाठी तोडायचाच होता. त्यांचं म्हणणं, तोडणी नाल्याच्या बाजूने सुरू करा, मग दोन्ही कडांनी आत या. मधे उसाचं बेट राहील, श्वापद त्यात कोंडलं जाईल, बाहेर पडेल ते गावाच्या मोकळ्या बाजूला, आणि तिथे मी बंदूक घेऊन. नुरजी कोयता हातात घेऊन हे ऐकत होता. सरदारसाहेब हात धुवायला गेले तसा तो बापूंजवळ सरकला.

"बापू, नाल्याकडथून तोडू नका. गावकडथून तोडा. तिनी वाट नाल्याकडे शे. आपली आपली निंघी जाई."

"तिनी? मादी शे का?"

"पिल्लं शेतस तिले. पाय दखा ना. मोठा पायना मांगे धाकला पाय."

बापू त्याच्याबरोबर सरीपर्यंत गेले, मीही गेले. खोल, रुंद ठशांमागे रुपयाएवढे, गंमत म्हणून उमटवावे तसे ठसे होते. दोन जोड. बापू उकिडवे बसले.

"साहेब येल शेत, नुरजी. हार येल शेत. आते मी काय सांगू?"

"सांगा, रानमा काही नही."

बापूंना ते जमणार नव्हतं. ते वाईट नव्हते, भिडस्त होते, आणि आमच्याकडे भिडस्तपणाने जेवढी नुकसानी झाली तेवढी टोळधाडीनेही झाली नसेल. त्यांची एकच रास्त भीती होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली: तोडणीच्या दिवसांत भुरीची पोर उसाच्या कडेला खोपीत झोपते, पिल्लांची आई बिथरली तर? नुरजी म्हणाला, "म्हणीसनच सांगस. वाट बंद करी तर बिथरी." वाट बंद केली तरच ती बिथरेल. यावर बापूंनी मान डोलवली. अडचणीत आले की ते तेवढंच करत, आणि समोरच्याला वाटे की हो म्हणाले.

मला मात्र कळलं होतं की हे सगळं कशामुळे आलं. एका शब्दामुळे. दुपारी सरदारसाहेब खुर्चीत बसून बूट घालत होते, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले आणि शाळेतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, पत्रात लिहिलं ते खोटं आहे. त्याने कुणालाही खाल्लं नाही. मी लिहिलं ते."

मला वाटलं, ते ओरडतील. ते हसले. मिशांखाली त्यांचा चेहरा अगदी साधा, थकलेला होता.

"बाळ, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कुणाला खाल्लं विचारलं तर एकजण नाव सांगेना. माणसं मेल्यावर नाव असतं." त्यांनी नाडी बांधली. "पण आता हार आलेत."

नेमकं तेच बापू बोलले होते. दोघे एकमेकांच्या इज्जतीसाठी एका जनावराला मारायला निघाले होते, आणि दोघांनाही मनातून ते नको होतं. मी नंतर मोठमोठ्या सभा-समारंभांना हजर राहिले. दर वेळी व्यासपीठावर हार आलेले पाहिले की मी दाराजवळची खुर्ची धरते. आता कुणाचं काय होणार, असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या बाजूने कोयते पडू लागले. नुरजी त्या बाजूला गेला नाही. आजारी आहे म्हणाला आणि खोपीबाहेर पाय पसरून, बिडी ओढत, धडधाकट बसून राहिला. आजूबाजूच्या चार गावांची माणसं बांधावर जमली होती, कुणीतरी शेव-मुरमुरे विकायला आणले होते. उसाचं बेट लहान होत गेलं. ढोल वाजत होते. ती बाहेर आली तेव्हा गर्जना वगैरे काही झाली नाही. नाल्याच्या दिशेने ती दोनदा जाऊन परतली, हे उसाच्या शेंड्यांच्या हालण्यावरून सगळ्यांना दिसलं. मग ती गावाच्या बाजूने, कान मागे टाकून, पोट जमिनीला लावून पळाली. एक बार झाला. सरदारसाहेब खरोखर चांगले नेमबाज होते, एवढं म्हणायला हवं.

लोक धावले आणि जवळ जाऊन थबकले. ती फार लहान होती. बरगड्या मोजता येत होत्या. पुस्तकातला वाघ केवढा असतो, आणि ही आमच्या शेळीपेक्षा जेमतेम लांब. शेव विकणारा म्हणाला, "इतलीच?" फोटोग्राफरने सरदारसाहेबांना थोडं पुढे आणि तिला थोडं उंचवट्यावर घेतलं, म्हणजे ती मोठी दिसेल. बापूंना फेटा बांधून शेजारी उभं केलं. त्या फोटोत त्यांचा चेहरा चोरी सापडलेल्या माणसासारखा आला आहे.

पिल्लं भुरीला सापडली, उरलेल्या चार सऱ्यांमध्ये. कुणाला न सांगता तिने ती पाचटाच्या टोपलीत घातली आणि आमच्या गोठ्यात आणली. बाने टोपलीत पाहिलं आणि ती झेंडूवाली शेळी सोडून आणली. जिला त्यांच्या आईसाठी बांधलं होतं तिचंच दूध, कापसाच्या वातीने, तीन दिवस त्यांना पाजलं. मुंगीला साखर घालणारं आमचं गाव, आणि त्यातल्या माझ्या आईच्या मांडीवर बिबट्याची पिल्लं. ती म्हणाली, "दात लावतील तेव्हा बघू." दात लावण्याआधीच नुरजी त्यांना घेऊन नाल्याने वर गेला. परतला तेव्हा मी विचारलं. म्हणाला, एक जगलं. नुरजी सहसा खोटं बोलत नसे. पण मी पत्र कसं लिहिलं होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि मी त्याला आवडत असे.

पुढच्या वर्षी डोंगरात पाऊस बरा झाला, तरी डुकरं परत गेली नाहीत. ती आता इथलीच झाली होती. एकेका डुकरिणीमागे आठ-आठ, दहा-दहा पिल्लं, उघड्यावर, दिवसाढवळ्या, शाळेच्या सहलीसारखी. त्यांना उचलणारं कुणी उरलं नव्हतं. खाटा पुन्हा शेतात गेल्या, पत्र्याचे डबे वाजले, आणि तरी पोळ्यापर्यंत ऊस आडवा झाला. गुऱ्हाळ त्या वर्षी पेटलंच नाही. गुळाच्या काहिलीत भुरीच्या कोंबडीने अंडी घातली. ओसरीवर लावलेला शिकारीचा फोटो बापूंनी एक दिवस उतरवला आणि त्या खिळ्याला बाच्या माहेरून आलेलं पंचांग टांगलं. आणि नारळ घेऊन ते नाल्यानाल्याने पायी डोंगरात नुरजीच्या गावी गेले, वाघदेवापर्यंत. तिथे काय बोलले ते त्यांनी घरी सांगितलं नाही. नुरजीने सांगितलं: "काही बोलनात नही. हात जोडी उभा ऱ्हायनात. मंग मी सांगं, पुढला साल गावकडथून."

बापू अजून वीसेक वर्षं ऊस लावत होते. बिबट्या काही पुन्हा आला नाही. तरी दरवर्षी तोडणी गावाकडून सुरू व्हायची आणि नाल्याकडची सरी शेवटी राहायची, गाड्यांना तो फेरा पडला तरी. मजूर कुरकुरत, तोडणीचा मुकादम हसे. बापू म्हणत, "आपल्यात तशीच रीत आहे." रीत चालू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हापासून ते असं म्हणत.

आता तिकडे माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, शेती बघतो. पाऊस आता कुठल्याच महिन्याचं ऐकत नाही. डोंगर कधी भिजतो, कधी करपतो, आणि उसात बिबटे बारमाही राहतात, तिथेच जन्मतात, असं तो सांगतो. शिकलेली माणसं याला हवामानबदल म्हणतात आणि त्यावर परिषदा घेतात. परिषदेत हार असतातच. मला ते सगळं खरं वाटतं, फक्त नवीन वाटत नाही. डोंगराची तहान नाल्याने खाली उतरते, हे मी भुरीच्या बिऱ्हाडात आणि सरीतल्या ठशांत पाहिलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. तोडणी चालू होती, मागे कोयत्यांचा आवाज येत होता. म्हणाला, "मावशी, शेवटच्या सऱ्या राहिल्या होत्या, तेवढ्यात काहीतरी नाल्यात उतरलं. मोठं एक, मागे दोन धाकली. कुणाला काही केलं नाही. मजूर विचारत होते, तुमच्यात तोडणी गावाकडून का करतात? मी सांगितलं, रीत आहे. पण मावशी, ती पडली कशी?"

"एका पत्रामुळे," मी म्हटलं.

"काय होतं त्यात?"

मी सांगितलं, अक्षर फार सुंदर होतं.